मोठीमायने घातलेली चूल

जेवायला बसण्याआधी मोठीमाय सगळ्यांची तोंडं बघायची. कोणाचे ओठ सुकलेले दिसले की म्हणायची, "जेवली नाही ना वं?" तिच्यापुढे खोटं चालत नसे. ती माझी थोरली जाऊ. दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. माझी लेकरं मोठीमाय म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले.

लग्न होऊन आले तेव्हा माझं तोंड उघडत नसे. भूक लागली तरी सांगत नसे. ती न विचारता ताटात भाकर टाकायची. "चूल एक हाये तवर लाज कायची?" म्हणायची.

घर तिच्या नावावर होतं, वर स्लॅब होता. त्या पक्क्या घरात एकत्र राहतो म्हणून आम्हाला सरकारी घरकुल मिळेना. गावातल्या लोकांनी आमच्या ह्यांना सुचवलं, वेगळी चूल दाखवा. सरकारच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लेकरं. मोठीमाय भाजी निवडत होती. "मंग थोरली जाऊ कोठी बसते त्याच्यात?" तिनं विचारलं.

मला चूल घालता येत नव्हती. गोठ्याशेजारच्या खोलीत तिनंच माझी चूल घातली. नवी दिसू नये म्हणून रोज कापसाच्या पऱ्हाट्या जाळून काळी केली. साहेब पाहायला आले तेव्हा पदर सारखा करून म्हणाली, "हे येगळे खातात." तिच्या तोंडचं मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

घरकुल मंजूर झालं. पुन्हा चौकशी झाली तर, म्हणून हे म्हणाले, काही दिवस वेगळंच रांधा. ते काही दिवस सरलेच नाहीत. घर उभं राहिलं आणि फोटो काढायला माणूस आला. मोठीमाय धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. तो म्हणाला, फक्त लाभार्थी कुटुंब पाहिजे, मावशी, जरा बाजूला व्हा. तिनं लेकरू माझ्याकडे दिलं आणि निंबाखाली जाऊन उभी राहिली.

पुढे ती मेहकरकडे भावाच्या गावी निघाली. स्टँडवर तिनं माझं तोंड बघितलं. मी म्हणाले, जेवले.

"खोटं बोलाले शिकली वं तू," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

ती तिकडेच वारली. तिच्या स्लॅबच्या घरात आता आम्ही कांदे भरतो. आमच्याकडे गॅस आला आहे, तोही योजनेतून. तिनं घातलेल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापतं. भूक लागली हे मला अजूनही सांगता येत नाही, आणि तोंड बघणारं घरात कोणी नाही.