बंद फोनच्या बाई

विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात मी संशोधकांच्या नोंदणीचं काम पाहते. आळेफाट्याला आमचं मार्गदर्शन शिबिर होतं, तेव्हा आमच्याकडे संशोधन करणाऱ्या, खोडद गावच्या एक बाई पुढ्यात येऊन बसल्या. पदर सारखा केला.

"तुमचं सादरीकरण हुकलं. किती फोन केले! आता नोंदणी रद्द होणार," मी म्हणाले.

"मॅडम, आमचं रान रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांना लागून हाय. तिथं आमी फोन बंदच ठेवतो. त्यांना लांबच्या ताऱ्यांचं ऐकायचं असतं ना, फोननं त्यात खरखर येती."

"आणि आम्ही ताटकळायचं?"

"फोन बंद व्हता, अभ्यास न्हाई. घ्या की आत्ता परीक्षा!"

सादरीकरण तपासणाऱ्या समितीचे दोन्ही प्राध्यापक शेजारच्या खोलीत चहा पीत होते. मी त्यांना तसंच उठवून आणलं. कांदा निवडणाऱ्या मजूर बायकांवरचा आपला अभ्यास बाईंनी सलग मांडला, उलटसुलट प्रश्नांना हसत उत्तरं दिली. नोंदणी टिकली.

हल्ली कोणाचा फोन लागला नाही, तर नाव कमी करण्याआधी मी गावात निरोप धाडते. बहुतेकदा उत्तर येतं, "रानात हायेत. सांजच्याला येत्याल."