सहा प्लेटी आणि देवीचा धागा

“धागा काढा, नाहीतर उद्यापासून ओपीडीत जा,” विभागाच्या मुख्य डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पटले सिस्टर जागची हलली नाही.

मी तेव्हा गोंदियातल्या एका हॉस्पिटलमध्ये लॅब टेक्निशियन होतो. एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, रक्ताचे नमुने घ्यायला गेलो आणि नेमका या भांडणात सापडलो. तिथली बाळं दीड-दीड किलोची. त्यांना हात लावणाऱ्याच्या कोपराखाली काहीही नको, असा नियम नवाच लागला होता. पटले सिस्टरच्या मनगटावर मात्र गावच्या देवीचा लाल धागा. तिच्या नणंदेचं पोट दोनदा पडलं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस गेले, म्हणून सासूनं नवसाचा धागा सुनेच्या हाताला बांधला होता.

“नणंद बाळंत होईस्तोवर काढता येत नाही, मॅडम. सासू मले घरात घेनार नाही.”

काडीएवढ्या हातात शीर शोधावी तर ती पटले सिस्टरनंच. ती गेली की बाळांना एका सुईच्या जागी चार टोचल्या जाणार. तिचा हट्ट मला पटत नव्हता, पण तिला हलवणं त्याहून पटत नव्हतं.

“मॅडम, दोन दिवस द्या. प्लेट लावून बघतो,” मी म्हणालो. कल्चर प्लेट म्हणजे जंतूंसाठी वाढलेलं ताट. वस्तूवर ओला कापूस फिरवायचा, तो प्लेटवर ओढायचा आणि प्लेट उबेत ठेवायची. जंतू असले तर ठिपके उगवतात.

“माझाच धागा काऊन? सगळ्यांचंच घ्या न, भाऊ!” सिस्टर फणकारली.

बरोबरच होतं. मारिया सिस्टरचं क्रॉसचं ब्रेसलेट, वॉर्डबॉय इरफानचा मनगटावरचा ताईत, मावशीच्या बांगड्या, माझं घड्याळ, सगळ्यांवर कापूस फिरला. मॅडमनी हसत स्वतःचं बोट पुढे केलं. त्यात पुष्कराजाची अंगठी होती.

तिसऱ्या दिवशी सगळे लॅबमध्ये जमले. धाग्याची प्लेट गच्च भरलेली. सिस्टरचं तोंड उतरलं. शेजारी अंगठीची प्लेट ठेवली, तर तिथे पेरणी त्याहून चांगली साधली होती.

“ही माझी?” मॅडमनी दोनदा नंबर तपासला. माझं घड्याळही फार मागे नव्हतं, म्हणून मी मिजास केली नाही.

मॅडम रागीट, पण मनाच्या सरळ. लगेच अंगठी काढायला गेल्या. निघेना. शेवटी पटले सिस्टरनं टाक्यांचा दोरा बोटाला गुंडाळला आणि अंगठी सरकवत आणली.

“दुखून राहिलं का, मॅडम?”

“दुखतंय, पण ओढा!”

सगळे खो-खो हसले, मॅडमसुद्धा. नंतर त्यांनी सिस्टरपुढे पुन्हा ओपीडीचं नाव काढलं नाही. सिस्टरच म्हणाली, “सासूलेच बोलावून घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई कामठ्याहून आल्या. मी प्लेट दाखवली आणि हे जंतू बाळाच्या अंगात गेले तर काय होतं, ते सांगायला लागलो.

“समजलं न. लेकरं मीबी वाढवली,” त्यांनी मला थांबवलं. “कोपराच्या खाली नको म्हनता, मंग वर बांधला तं?”

नियमात दंडाबद्दल एक शब्द नव्हता.

“पण सोडला तर नवस मोडेल ना?” मॅडमनी विचारलं.

“ज्या हातानं बांधला त्याच हातानं सोडला तं नाही मोडत.” त्यांनी धागा सोडला आणि सुनेच्या बाहीच्या आत दंडावर बांधला. “इतकीशी गोष्ट! मले आधीच काऊन नाही विचारलं?”

मला खरंच लाज वाटली.

पटले सिस्टर एसएनसीयूतच राहिली. ब्रेसलेट, ताईत, बांगड्या दारातल्या खुंट्यांवर गेल्या. नणंदेला पुढे धडधाकट मुलगी झाली, आमच्या विभागाची गरजच पडली नाही.

त्यानंतर एकदा मॅडम घाईनं राऊंडला आल्या. दारात पटले सिस्टर आडवी उभी.

“मॅडम, हातात काय हाये?”

मोबाइल होता. मॅडमनी तो निमूट बाहेर ठेवला. तेव्हापासून माझं मत असं, की नियम ज्याच्यावर पहिल्यांदा उगारला, त्यालाच दारात उभं करावं. मग सूट कुणालाच मिळत नाही.