लटारूभाऊंची उतारावरची जीप

लटारूभाऊंची जीप हल्ली पुन्हा उतारावर उभी असते. मारुतीच्या देवळापासून रस्ता नाल्याकडे उतरतो, तिथे, तोंड खाली करून, पुढच्या चाकाला दगड लावून. सकाळी दगड काढून ते उडी मारून आत बसतात. जीप आपल्याच वजनाने घरंगळू लागते, थोडं खाली गेल्यावर गियर टाकला की इंजिन खोकत सुरू होतं. मग बॅटरी असो नसो. जिवतीच्या या डोंगरात जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर असंच करतात. मध्ये एक पावसाळाभर लटारूभाऊंनी हे सोडलं होतं. माझ्या मुलामुळे.

लटारूभाऊ मूळचे गोंडपिपरीकडचे, धानाच्या मुलखातले. रस्त्याच्या कामावर ट्रॅक्टर चालवायला म्हणून वर आले आणि इथलेच झाले. पुढे जुनी जीप घेऊन जिवती ते गडचांदूर सवाऱ्या नेऊ लागले. पुढची सीट सवारीची, हा त्यांचा नियम. त्यांची बायको आशाबाई स्वतःच्या नवऱ्याच्या जीपमध्ये कायम मागे, पिशव्यांमध्ये बसायची. मुलगी करिष्मा एटापल्लीला दिली, तेव्हा लग्नाच्या कपड्यांची गाठोडी मांडीवर घेऊन आशाबाई मागेच बसली होती.

माझा अजय डिप्लोमा करून घरी आला आणि घरीच राहिला. मागच्या खोलीत दिवसभर काहीतरी उघडून बसायचा. याचं पुढे काय होणार, या काळजीने मी त्याच्यावर उगाच चिडायची. अशात एका बाजाराच्या दिवशी जीप मागे घेताना लटारूभाऊंच्या चाकाजवळ एक रांगतं लेकरू आलं. कोणीतरी ओरडलं म्हणून वाचलं. लटारूभाऊ थेट आमच्याकडे आले. मागचं दिसेल असं काही लावता येतं का, असं त्यांनी अजयला विचारलं.

एक कॅमेरा आणि छोटा पडदा लावून काम झालं असतं. पण अजयच्या हाती फुटक्या स्क्रीनचा एक लॅपटॉप होता. त्याचं पोट काढून त्याने पत्र्याच्या डब्यात बसवलं, हवेसाठी भोकं पाडली, लॅपटॉपचाच पंखा लावला. घाटातल्या धक्क्यांनी बिघडेल म्हणून फिरती डिस्क काढून चिपवाली टाकली आणि डब्याखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. डॅशबोर्ड करवतीने कापला तेव्हा लटारूभाऊंनी तोंड फिरवलं होतं. शेवटी पडदा उजळला, मागची शेळी त्यात दिसली, आणि जमलेल्यांपैकी इतवारी म्हणाला, "लटारूच्या जीपले टीवी लागला. आता बसाचं भाडं अलग अन् पाहाचं अलग."

अडचण एकच होती. चावीच्या वायरवर जोडलं की इंजिन सुरू करताना मशीन बंद पडायचं, आणि जीप भरेपर्यंत सवाऱ्यांना गाणी हवी असायची. म्हणून अजयने वायर सरळ बॅटरीवरून घेतली आणि डॅशबोर्डखाली एक स्विच दिला. काम संपलं की तो हाताने बंद करायचा. त्याने जीपचा सेल्फही दुरुस्त केला, चावी फिरवली की गाडी सुरू होऊ लागली. मग त्यानेच सांगितलं, आता जीप उतारावर उघड्यावर ठेवू नका, दवाने मशीन खराब होईल, कोणी पडदा काढून नेईल. लटारूभाऊंचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे. ते म्हणाले, "धक्का माराची पाळी आली तं चढ हाय, बाबू." अजय हसला. आता धक्का लागणार नाही म्हणाला.

त्या मशीनमध्ये अजयने करिष्माच्या लग्नाचा व्हिडिओ भरला. आशाबाईने कधी मागितला नव्हता. ती पडद्याकडे बघते आणि विचारत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. मग संध्याकाळी जीप अंगणात आली की आशाबाई पुढच्या सीटवर बसायची, मांडीवर सूप, त्यात तांदूळ, आणि समोर हळद लागलेली करिष्मा. खालचा स्विच दाबून लावायचं कसं ते अजयने तिला शिकवलं होतं. व्हिडिओ संपला की पडदा आपोआप काळा व्हायचा. तिला वाटायचं, बंद झालं. स्विच हाताने बंद करावा लागतो, हे त्याने लटारूभाऊंना पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, तिला नाही. ते रोज रात्री निजायच्या आधी बंद करायचे.

पावसाळा सरता सरता एक दिवस लटारूभाऊ जीपचा एक पार्ट आणायला बसने राजुऱ्याला गेले. शेवटच्या बसने थकून आले, जेवले, झोपले. जीप दिवसभर अंगणातच होती, तिच्याकडे पाहायचं काही कारण नव्हतं. पहाटे आशाबाई पोट दुखतं म्हणून उठली. उजाडलं तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या. अंथरुणात मण्यार साप निघाला. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन खाली गेली होती. मोटारसायकलवर बसवून पाहिलं, तर मान टिकेना. लटारूभाऊंनी चावी फिरवली आणि जीपमधून नुसता टक असा आवाज आला.

गडीमाणसं कापसाच्या शेतांवर पांगली होती. आम्ही बायका, दोन म्हातारे आणि अजय जीपला भिडलो. अंगणाच्या चढावर ती अर्ध्यापर्यंत जायची आणि परत यायची. शेतांवरून माणसं धावत आली तेव्हा कुठे ती रस्त्याला लागली. देवळाच्या उतारावर सोडताच पहिल्या झटक्यात सुरू झाली. आशाबाई घाटातच गेली, पुढच्या सीटवर, माझ्या खांद्यावर.

तिसऱ्या दिवशी अजयने जीपमध्ये वाकून पाहिलं. स्विच चालू होता. घरी आला आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. वायर सरळ घ्यायला नको होती, एवढंच तो म्हणायचा. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. तो विहिरीकडे गेला तरी मी बादली घेऊन मागे जायची.

तेरवी झाल्यावर लटारूभाऊ आले. आधी माझ्याशी ओट्यावर बोलले.

"पोट्टा जेवते का, बाई?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मी त्याले सांगतो, स्विच माह्याकडून राह्यला. तुम्ही मधात बोलू नका."

मी म्हटलं, तुम्ही तर राजुऱ्याला होतात, जीपला तुमचा हातही लागला नव्हता.

"हे तुमाले मालूम हाय अन् मले मालूम हाय. त्याची काकू पिक्चर पाहून उठली अन् ते चालूच राह्यलं, हे त्याले कळलं तं तो संपन. त्यानंच तिले शिकवलं होतं. ती तं गेली, बाई. याले अख्खी जिंदगी काढाची हाय."

ते आत गेले. मी दाराशी उभी होते. स्विच मी बंद करायचा विसरलो, असं त्यांनी खाली बघून सांगितलं. मग अजयचा आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठा.

"कितीदा सांगतलं होतं तुमाले, भाऊ. एवढं एकच काम होतं तुमचं."

"हो रे बाबू. इसरलो."

त्या दिवशी अजय जेवला. भात पुन्हा मागून घेतला. मी वाढत होते आणि खिडकीतून लटारूभाऊ टॉवेल खांद्यावर टाकून हळूहळू घराकडे जाताना दिसत होते.

आता अजय चंद्रपूरला गाड्यांमध्ये पडदे आणि मशीन बसवायच्या दुकानात आहे. हात चांगला आहे म्हणतात. बॅटरी उतरू लागली की मशीन आपोआप बंद करणारा एक लहानसा भाग तो प्रत्येक गाडीत टाकतो, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी टाकतो. घरी येतो तेव्हा गडचांदूरच्या स्टँडवर लटारूभाऊ हाक देतात, "चाल ना अजू." तो दुसरीकडे पाहतो आणि बसची वाट पाहत उभा राहतो.

गोष्ट एटापल्लीपर्यंत गेली. बापाच्या विसरण्याने माय गेली, हे करिष्माने धरून ठेवलं. दिवाळीला ती आली नाही, फोनही घेत नाही. मी लटारूभाऊंना विनवलं, निदान पोरीला तरी खरं सांगा. ते चाकाखाली दगड सरकवत होते. म्हणाले, "तिच्या लगनाचा पिक्चर पाहता पाहता गाडी बंद पडली, अन् माय मेली, असं सांगू? माह्यावर राग धरून का होईना, पोरगी सुखानं जगून राह्यली."

मला आता झोप लागत नाही. सांगितलं तर माझं पोर पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसेल, ही भीती. नाही सांगितलं तर हा माणूस गुन्हेगार म्हणूनच जाईल, ही दुसरी. कधीतरी अजय हे वाचेलच. तोवर त्याला बायकोमुलं असावीत, आणि लटारूभाऊ असावेत.

मागच्या रविवारी अजयचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, त्या जीपमधला डबा अजून तसाच आहे म्हणतात, काढून भंगारात द्यायला सांग. मी निरोप सांगितला. लटारूभाऊ जरा वेळ पडद्यावरची धूळ पुसत राहिले.

"वायर मी तवाच तोडली, बाई. डबा राहू द्या. लगन हाय त्यात."

मग त्यांनी पुढच्या सीटवर एका म्हाताऱ्या सवारीला बसवलं, चाकाखालचा दगड काढला, आणि जीप आवाज न करता उतरू लागली.