न्हवं आणि नोवु

मुलांच्या पायांना हात लावल्याशिवाय येसूअण्णा त्यांना मैदानात उतरू देत नसत. सामना असो की रोजचा सराव, पोरं ओळीनं उभी राहायची. अण्णा एका उपड्या खोक्यावर बसायचे आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी अंगठ्यानं दाबत खाली यायचे. डोळे मिटलेले, गळ्यात शिंप्याची टेप. पायाचं एखादं बोट जरा आखडलं, की डोळे उघडायचे.

‘तू बस आज.’

‘काही नाही झालं अण्णा, देवाशप्पथ!’

‘तोंडाला कोण विचारतंय, मरी? तोंड खेळायला जातो म्हणणारच. मी हाडाला विचारलं.’

मरी म्हणजे कानडीत पिल्लू. सगळी पोरं त्यांची मरीच होती.

येसोजीराव हे त्यांचं पूर्ण नाव. बंगळूरच्या कॉटनपेटेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलेल्या आणि इथंच राहून गेलेल्या मराठी घराण्यांपैकी एक त्यांचं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं, की कुठलं कुठं संपतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ‘सरी’ हा त्यांचा एक शब्द दहा कामं करायचा. सरी म्हणजे बरं, सरी म्हणजे पुरे, सरी म्हणजे चल ऊठ. सरी म्हणजे ‘तू खोटं बोलतोयस, पण असू दे’, असाही एक अर्थ होता. तो मला फार उशिरा कळला.

अण्णा स्वतः कधी फुटबॉल खेळले नव्हते, आणि हे ते कुणालाही सांगत. ‘कॅन्टोन्मेंटातल्या गोऱ्या शिपायांच्या चड्ड्या शिवल्या मी. माप घ्यायला जायचो आणि खेळ बघत बसायचो. गोल एक नाही मारला जन्मात.’ त्यामुळं त्यांचं शिकवणं सगळं शिंप्याच्या भाषेत असायचं. पास देणं म्हणजे टाका घालणं. ‘टाका घाल, टाका! एक इकडून, एक तिकडून!’ चेंडू एकट्यानंच पळवणाऱ्याला ते ओरडायचे, ‘अरे नुसती सुई पळवतोस, दोरा कुठाय?’ आणि डाव्या बाजूनं वाऱ्यासारखा सुटणाऱ्या शिवण्णाला म्हणायचे, ‘शिवण्णा, शिवण घाल रे!’ स्वतःच्या या विनोदावर दर खेपेला स्वतःच हसायचे.

राज्यांची फेररचना झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो. कोल्हापूरजवळच्या खेड्यातला मी. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी विचारलं, ‘कोल्हापूरचा ना? मग फुटबॉल खेळला असशील.’

मी खेळलो नव्हतो. तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बाहेर उभं राहून पाहिले होते, एवढंच. पण परक्या गावात पहिल्यांदाच कुणी कौतुकानं बघत होतं. ‘हो, खेळलोय की,’ मी म्हणालो. ‘तालमीच्या संघातून.’

‘सरी,’ अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा मदतनीस झालो. आटलेल्या तळ्याच्या मैदानावर चेंडू घेऊन जायचा, पोरांना पळवायचं, ओळी आखायच्या. पोरं मला ‘सार’ म्हणायची, अण्णा ‘कोल्हापूर’ म्हणायचे. ‘काय कोल्हापूर, बरोबर लाथ मारतोय का तो?’ मी गंभीरपणे मान हलवायचो. एखाद्या दिवशी हा माणूस मलाच चेंडू मारून दाखव म्हणाला तर? दोन वर्षं मी त्या भीतीत काढली. पुढं काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असतं, तर मी पहिल्याच दिवशी मैदानात उभा राहून सगळं कबूल केलं असतं.

दोन वर्षांत मी कानडीही शिकलो नाही. ऑफिसात इंग्रजी, घरी अण्णा आणि त्यांच्या पत्नी अक्का यांची मराठी. बाहेर सरी, स्वल्प म्हणजे थोडं, बेडा म्हणजे नको, एवढ्यावर भागत होतं. शिकायची गरज वाटली नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

त्या दुपारी पेठांमधल्या एका कपाची अंतिम फेरी होती. आम्ही एका गोलनं मागे होतो. मध्यंतराच्या जरा आधी कुणीतरी शिवण्णाच्या नडगीवर सणसणीत लाथ घातली. तो लंगडत बाहेर आला आणि बसला. तेरा वर्षांचा पोर, अनवाणी खेळणारा. अण्णा तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पंचांशी हुज्जत घालत होते. जाताना म्हणाले होते, ‘कोल्हापूर, पोरांकडं बघ.’

मी शिवण्णाजवळ वाकलो. पायाला हात लावायचं माझ्या मनातही आलं नाही. मी तोंडाला विचारलं. ‘दुखणं आहे का रे?’

त्यानं वर पाहिलं. ‘नोवु, सार,’ तो म्हणाला. ‘नोवु.’

भोवती पोरांचा गलका होता. मला ‘न्हवं’ ऐकू आलं. आमच्याकडं नव्हे म्हणायचं तर न्हवं म्हणतात. दुखणं न्हवं. मी त्याच्या नडगीला रुमाल बांधला, पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, ‘शाब्बास. जा मग.’ तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग उठला आणि आत गेला. सारांनी रुमाल बांधलाय म्हणजे बरं होणार असेल, असं त्याला वाटलं असावं.

दहा मिनिटांनी मी तो आवाज ऐकला. वाळकं लाकूड मोडावं तसा. चेंडूपाशी तिघं एकमेकांवर पडली होती. दोघं उठली.

अण्णा धावत आले. कोपऱ्यावरच्या निशाणाची काठी त्यांनी उपटली, पायाला लावली आणि गळ्यातली टेप काढून करकचून बांधली. नडगीचं हाड बाहेर आलं होतं आणि जखमेत तळ्याची माती गेली होती. टेपेवरचे आकडे एकेक करून लाल होत गेलेले मला दिसत होते. भाड्याच्या जटक्यातून, म्हणजे घोड्याच्या टांग्यातून, आम्ही त्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं. वाटेत अण्णांनी हळू विचारलं, ‘काय म्हणाला होता तो तुला?’

‘मी विचारलं, दुखतं का. तर न्हवं म्हणाला.’

अण्णांची मान झटकन वळली. ‘न्हवं? की नोवु?’

‘नोवु म्हणजे?’

‘नोवु म्हणजे दुखणं, कोल्हापूर.’

शिवण्णाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीत होता की नाही, त्यानं हे ऐकलं की नाही, मला कळलं नाही. आणि तेव्हाच एक दुसरी भीती मनात शिरली, ती आजतागायत गेलेली नाही. मी खरंच चुकीचं ऐकलं होतं, की आम्ही एका गोलनं मागे होतो म्हणून मला तेच ऐकायचं होतं?

डॉक्टरांनी सांगितलं, पू वर चढला तर पाय गुडघ्याखालून कापावा लागेल. आठवडाभर काही सांगता येणार नाही. तेवढ्यात शिवण्णाचा बाप आला. केंपण्णा जटका चालवायचा. दारातून आत यायला वाकावं लागेल असा देह, आणि हातात चाबूक तसाच. ‘पाय मोडलेल्या पोराला परत आत कुणी पाठवलं?’ तो कानडीत गरजला. एवढं मलाही समजलं.

मी तोंड उघडलं असेल किंवा नसेल. अण्णांनी माझं मनगट धरलं, मला मागे ढकललं आणि म्हणाले, ‘मी.’

केंपण्णानं त्यांची गच्ची धरली. वॉर्डातल्या लोकांनी मध्ये पडून सोडवलं. बाहेर आल्यावर अण्णा फाटकी कॉलर नीट करत मला म्हणाले, ‘आत्ता बोलू नको. आत्ता तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही.’

आत्ता, असं म्हणाले होते ते. त्या ‘आत्ता’ची मी सात वर्षं केली.

तो आठवडा मी कसा काढला, सांगता येत नाही. अण्णा रोज हॉस्पिटलात जात. केंपण्णा त्यांना वॉर्डात येऊ देत नसे, म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहत. मी फाटकाशी थांबे. पांढऱ्या कोटातलं कुणी जिन्यावरून उतरलं, की वाटायचं, आता हा येऊन सांगणार, पाय काढला. सहाव्या दिवशी मी बळ करून वर गेलो. केंपण्णा घोड्याला चारा घालायला गेला होता. शिवण्णा जागा होता. मला बघून त्यानं बोट ओठांवर ठेवलं आणि सावकाश, खुणा करत, मला समजेल अशा सोप्या कानडीत म्हणाला, ‘अण्णांनी नर्सबाईंकडून सांगितलंय. मी माझ्या अप्पाला काही बोललो नाही, सार.’

त्यानं मला धीर द्यावा! मी पळालोच तिथून.

पाय वाचला. पण दीड इंचानं आखूड झाला. अण्णांनी त्यासाठी एक विजार शिवली, डावा पाय उजव्यापेक्षा कमी, दोन्ही काठ जमिनीपासून सारख्या उंचीवर येतील अशी. ती माझ्या हातानं पाठवली. मी केंपण्णाच्या दाराला अडकवून आलो, कडी न वाजवता. पुढं शिवण्णा सायकलच्या दुकानात लागला. केंपण्णा मात्र अण्णांना रस्त्यात बघून जटका दुसऱ्या गल्लीत वळवू लागला. त्याच्यामागं आणखी काही बापांनी पोरं पाठवणं थांबवलं. अण्णा उरलेल्यांना घेऊन तळ्यावर जात राहिले.

मला ते एकदाही टोचून बोलले नाहीत. फक्त सणावाराला विचारायचे, ‘केंपण्णाच्या गल्लीतून जाऊन येतो. येतोस, कोल्हापूर?’

‘आज ऑफिसचं काम आहे, अण्णा.’

‘सरी.’

मी ते काम घेऊन खोलीत बसायचो आणि खिडकीतून त्यांना एकटं जाताना बघायचो. केंपण्णानं मला मारलं असतं, याची भीती होतीच. बाहेरून आलेल्या मराठी माणसानं कानडी पोराचा पाय मोडला, असा बभ्रा होईल आणि नोकरी जाईल, अशीही होती. पण खरी भीती अण्णांचीच होती. मी बोललो नाही याचं त्यांना काय वाटतं, हे मला ऐकायचं नव्हतं. त्या काळात मी एकच गोष्ट धड केली. रात्रशाळेत जाऊन कानडी शिकलो.

अण्णा गेले ते शिलाई मशीनवर बसल्या बसल्या. आम्ही त्यांना खाली निजवलं, गल्ली गोळा झाली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर गेलो तेव्हा त्या साध्या आवाजात म्हणाल्या, ‘तुमी सांगाल म्हणत होते ते. भितो स्वल्प, पण सांगेल, म्हणायचे. मी म्हणायची, कधी? तर म्हणायचे, थांब गं.’

मी बाहेर आलो. रस्त्यापलीकडं केंपण्णाचा जटका उभा होता. तो खाली उतरला होता, पण रस्ता ओलांडून येत नव्हता. मी गेलो.

‘त्या दिवशी शिवण्णाला आत मी पाठवलं,’ मी कानडीत म्हणालो. ‘अण्णांनी नाही. तो नोवु म्हणाला होता. मला कळलं नाही.’

त्यानं मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

‘आणि हे आज सांगतोस?’ तो म्हणाला. ‘तो तिथं आडवा झाल्यावर? सात वर्षं मी त्या माणसाला नमस्कार केला नाही!’

चाबूक धरलेली त्याची मूठ आवळलेली दिसली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चाबूक जटक्यात पडला होता, चपला रस्त्यावर होत्या, आणि तो दुकानाच्या आत अण्णांच्या पायांवर डोकं टेकून होता. बाहेर येताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी आठनऊ पोरं दुकानासमोर येऊन उभी राहिली. अक्कांनी चेंडू माझ्या हातात दिला. मैदानावर पोचल्यावर मी पोरांना सगळ्यात आधी सांगितलं, ‘हे बघा, मी कधीच खेळलेलो नाही. कोल्हापूरचं सगळं खोटं होतं.’

पोरं एकमेकांकडं बघून हसली. एक म्हणाला, ‘ठाऊक आहे, सार. तुम्ही चेंडूला लाथ मारता तेव्हाच कळतं. अण्णाही म्हणायचे.’

म्हणजे अण्णांना पहिल्यापासून कळलं होतं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होतो, ते त्यांनी पोरांना हसत सांगितलेलं होतं, आणि तरीही मला काढलं नव्हतं.

मी जात राहिलो. न येणारी गोष्ट शिकवायची म्हणजे पोरांकडूनच शिकावी लागते. ती शिकवतात, चेष्टाही करतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं काही मिळेल, याची मला कल्पना नव्हती.

पाचसहा महिन्यांनी एका संध्याकाळी जटका मैदानाच्या कडेला थांबला. केंपण्णा उतरला. बरोबर नऊदहा वर्षांचा एक मुलगा. बाप मुलाला घेऊन सरळ माझ्यापर्यंत आला.

‘हा धाकटा,’ तो म्हणाला. ‘डावखुरा आहे. थोरल्यासारखाच.’ मग थांबून म्हणाला, ‘ह्याला दुखतंय का विचारशील, तेव्हा कानडीत विचार.’

मी हो म्हणालो. त्यानं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी सराव संपेपर्यंत तो घोड्याचा लगाम हातात धरून कडेला उभा होता, माझ्यावरची नजर न हलवता. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. अजून येतो. पोरगं पडलं की आम्ही दोघंही एकदमच धावतो, आणि बहुतेक वेळा मी आधी पोचतो.