बाबांची ओली बंडी

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नव्हता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हारा गेला आणि त्याच्याबरोबर भुतंही गेली, असं बाबा हसून सांगायचे. मीही त्यातलीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... तरी लिहिते.

२०१२ चा उन्हाळा. आमगावजवळचं आमचं गाव. बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता. एक केमो झाली आणि ते बरळायला लागले. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर सोडियम फार उतरलेलं. सोडियम म्हणजे मीठ एवढंच मला ठाऊक, म्हणून मी त्यांच्या पेजेत मीठ वाढवत गेले. डॉक्टर डाफरलेच. मीठ कमी नाही, या आजारात शरीर पाणी धरून ठेवतंय. पाणी मोजकंच द्या, सोडियम वर आलं तरच पुढची केमो.

म्हणजे बाबांचं जगणं माझ्या हातातल्या पेल्यावर आलं. आणि त्यात मे महिना!

"बाई, घोटभर पानी दे नं."

"डॉक्टरनं नाही म्हटलं, बाबा."

"माह्या मायले इहिरीवर पानी नाही देत होते. आता तू घरात नाही देऊन राहिली. काऊन वं?"

आजीला मी पाहिलेलंही नाही, पण ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. विहिरीला हात लावायचा नाही, कोणी येऊन वरून ओतेल तोवर उन्हात ओंजळ धरून उभं राहायचं. ती विहीर बुजवूनही कितीतरी वर्षं झाली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पाण्याचा माठ आत ठेवून दाराला बाहेरून कडी घातली आणि बाजेजवळ येऊन बसले. पाणी दिलं नाही.

त्याच दुपारी... लख्ख उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत बाबा आपणहून उठून बसले. एरवी कूस बदलायलाही मी लागायची. त्यांनी ओंजळ करून तोंडाला लावली. ओंजळ रिकामी होती, पण गळा घटाघटा हलत होता. बराच वेळ. मग ढेकर दिला आणि माझ्याकडे बघून हसले. दुखणं सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"माय आलती," ते म्हणाले. "इहिरीचं पानी आनलं. सोताच बालटी सोडली तिनं... कोनाच्या तोंडाकडं नाही पाह्यलं."

भास झाला असेल म्हणून मी त्यांना निजवायला गेले. बंडी छातीपासून पोटापर्यंत भिजली होती. घाम नव्हे — गार पाणी, शेवाळाचा वास येणारं. ती काढून मी मोरीत पिळली, तर धार पडली.

त्यानंतर बाबांनी पाणी मागितलंच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन तपासलं तर सोडियम आणखी खाली. "पानी किसने पिलाया?" डॉक्टर माझ्यावर ओरडले. केमो राहिलीच. बाबांना झटके आले आणि दवाखान्यातच ते गेले.

मला आजीचा राग येतो. खरंच येतो. आणि मग वाटतं, मला जे देता आलं नाही ते तिनं दिलं, बाबा तहानलेले तरी गेले नाहीत. दोन्ही खरं आहे.

नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, सोडियम उतरलं की माणसाला नाही ते दिसतं, नाही ते ऐकू येतं. पटतं मला. बाबांनी जे पाहिलं ते सगळं त्यात बसतं. पण सोडियम बाबांचं उतरलं होतं... आणि बंडी मी पिळली होती.