शेजाऱ्यांचं आमेन

तमाम बारामतीकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडून 'आमेन' सहजासहजी निघत नाही.

हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले ख्रिस्ती गृहस्थ. प्रार्थना संपली की बाकीचे आमेन म्हणून डोळे उघडतात. हे एकच डोळा उघडतात आणि चौकशी करतात. एकदा कुणीतरी पाऊस मागितला, तर यांनी विचारलं, "कधी पाहिजे? पुढच्या आठवड्यात आमची ऊसतोड हाय." मी छेडलं, तर म्हणाले, "आमेन म्हणजे 'तसंच होवो'. दुसऱ्याच्या अर्जाखाली आपली सही. न वाचता मी कधी सही केली न्हाय."

परवा त्यांच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलगी एमआयडीसीत दूध तपासणीच्या नोकरीत आहे आणि ती नोकरी तिला जीव की प्राण. मुलाच्या आईनं आधीच कानात सांगून ठेवल्याप्रमाणे इंदापूरच्या पाळकांनी प्रार्थनेत घातलं, "प्रभू, या लेकीचं मन नोकरीतून काढ आणि घरात रमव." सगळे आमेन म्हणाले. बापाचं आमेन काही आलं नाही. ते हात जोडून, डोळे मिटून बसूनच राहिले. ते पाहून लोकांनी उघडलेले डोळे पुन्हा मिटले. पाळकांनी घसा खाकरून तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. यांनी जोडलेले हात आणखी घट्ट धरले. मुलगी खाली मान घालून पदर पिळत होती.

शेवटी नवऱ्या मुलाची आजी बोलूनच गेली, "पाळकसाहेब, नोकरीचं तेवढं काढा की प्रार्थनेतनं. बिर्याणी गार व्हायला लागली."