एका डोळ्यावरचा पदर

हे लिहावं की नाही, असं पुष्कळदा वाटलं. माझी श्रद्धा तेव्हा डळमळलेली होती, आणि जे घडलं त्याचा अर्थ मला आजही नीट सांगता येत नाही.

सुलतानपूरच्या आमच्या घरी नवरात्रात बाबा घटी बसतात. नऊ दिवस गावाची वेस ओलांडत नाहीत. त्या वर्षी तिसऱ्या माळेला आरती करताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढं वरून खाली अंधार उतरला, आणि काही मिनिटांनी आपोआप उजाडलं. "देवीनं पदर टाकला," बाबा हसून म्हणाले. पाचव्या माळेला पुन्हा तसंच झालं. कॉलेजात गेलेली घरात मी पहिलीच. दवाखान्यात चला म्हणायचं मनात होतं, पण देवीचं नाव आलं की माझी जीभ अडायची.

त्याच दुपारी एक अनोळखी म्हातारी दारात जोगवा मागायला आली. परडीत पीठ घालताना आईनं तिला पदराची गोष्ट सांगितली. म्हातारी बाबांकडे बघत राहिली.

"दादा, मायचा पदर लेकराच्या एकाच डोळ्यावर पडते का? दवाखान्यात जाय."

"घट सोडून कसा जाऊ, मावशी?"

"घट काय पळून जाऊन राह्यला? दिव्यात तेल तुही बायको घालते. तुह्यं काम त नुसतं बसायचं."

आईला हसू आवरेना. बाबांनी एकदा घटाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "चाल बाई, सकाळी निघू."

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळे बधिर केले, बुबुळाच्या बाजूला एक छोटं यंत्र हलकेच टेकवलं आणि आत उजेड टाकून पाहत राहिल्या. किती दाब दिल्यावर आतली रक्तवाहिनी धडधडू लागते, ते त्यावर कळतं म्हणाल्या. उजव्या डोळ्याला बराच दाब द्यावा लागला. डावीकडे यंत्र जरा टेकताच ती धडधडली. तिथं रक्त जेमतेम पोचत होतं. त्या अंधाऱ्या खोलीत बाबा मान मागं टेकवून निश्चल बसले होते, घटापुढं बसतात तसे. तो बारीक उजेड मला समईसारखा वाटला, आणि माझी धाकधूक कुठं विरली कळलं नाही.

पुढच्या तपासणीत कळलं, डोळ्याला आणि मेंदूला रक्त नेणारी मानेतली मोठी नस अरुंद झाली होती. उशीर झाला असता तर नजर गेली असती, कदाचित अर्धं अंगही. इलाज वेळेत झाला. दसरा दवाखान्यातच गेला. आईनं घटातले पिवळे कोंब डब्यातून आणले, बाबांनी खाटेवर बसूनच ते टोपीत खोवले.

त्या मावशीला आम्ही आसपासच्या गावांत विचारलं. कुणी ओळखलं नाही. देवीपुढून न हलणं म्हणजेच तिच्या स्वाधीन होणं, असं आम्ही समजत होतो. ऊठ म्हटल्यावर उठणं त्याहून अवघड असतं, एवढं मला कळलं.

बाबा आता रोज सकाळी उजवा डोळा झाकून एकट्या डाव्यानं देवीची ज्योत पाहतात.

"दिसते का?" आई विचारते.

"दिसते," म्हणतात, आणि मग हात जोडतात.